जुनी हायब्रिड गाडी : वय पाहावें कीं बॅटरी?

घरांत मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे आपल्याकडे ती एकट्याची गोष्ट राहत नाहीं. पैसा बहुधा दोघातिघां भावांचा मिळून असतो, गाडींत बसणारीं माणसें तीन पिढ्यांचीं असतात, आणि मत तर प्रत्येकालाच असतें. त्यांतून ती गाडी जुनी असेल तर मतांना अधिकच धार येते. अलीकडे पेट्रोलचे भाव पाहून पुष्कळ कुटुंबांची दृष्टि हायब्रिड गाड्यांकडे वळली आहे. नवी परवडत नाहीं म्हणून जुनी पाहूं लागावें, तों प्रश्न उभा राहतो कीं, कमी वर्षांची गाडी घ्यावी कीं चांगल्या बॅटरीची? कमी वयाची असेल तिची बॅटरी चांगली असणारच, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. आणि राहिलेल्या अर्ध्यापायीं एखाद्या कुटुंबाची दोन-तीन वर्षांची शिल्लक एका दुपारीं कारखान्याच्या बिलांत जाऊं शकते. म्हणून हा विषय आम्हीं आज हातीं घेतला आहे.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करूं. बाजारांत ‘हायब्रिड’ हें नांव दोन फार निराळ्या वस्तूंना लावण्यांत येतें. २०१५ सालीं मारुतीनें सियाझ व अर्टिगा या गाड्यांच्या डिझेल प्रकारांत ‘एसएचव्हीएस’ नांवाची योजना आणली. तींत इंजिनाला थोडासा हातभार लावणारें एक लहान विजेचें यंत्र असतें. पण ती गाडी नुसत्या विजेवर एक पाऊलहि चालत नाहीं, व तिची बॅटरी साधी शिशाची असते. अशा गाडीची परीक्षा इतर कोणत्याहि जुन्या गाडीप्रमाणें करावी. तिच्यासाठीं हा लेख नाहीं. खरी, म्हणजे बाजाराच्या भाषेंत ‘स्ट्राँग’ हायब्रिड आपल्याकडे रुळली ती २०१३ सालीं, बंगळूरजवळ बिडदी येथें टोयोटानें कॅमरी हायब्रिडची जुळणी सुरू केली तेव्हांपासून. त्यानंतर २०१६ सालीं होंडाची अकॉर्ड हायब्रिड आली, आणि २०२२ हें वर्ष तर या गाड्यांची लाटच घेऊन आलें: होंडा सिटी ई-एचईव्ही, टोयोटा हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा, आणि वर्षाच्या शेवटीं इनोव्हा हायक्रॉस. यांतील शेवटच्या तीन गाड्या खऱ्या हायब्रिड योजनेवांचूनहि विकल्या जातात. तेव्हां नुसतें नांव ऐकून चालत नाहीं. नोंदणीपुस्तकांत नेमका प्रकार कोणता लिहिला आहे तें पाहावें. दलालाच्या तोंडीं सगळ्याच हायब्रिड असतात.

खऱ्या हायब्रिडमध्यें पेट्रोलचें इंजिन व विजेचें यंत्र अशीं दोन्हीं असतात. कधीं एक, कधीं दुसरें, कधीं दोन्हीं मिळून चाकें फिरवितात. साध्या गाडीला ब्रेक लावला म्हणजे तिची गति उष्णता होऊन वायां जाते. येथें तिचा बराचसा भाग वीज होऊन बॅटरींत परत येतो व पुढच्या चढावर कामीं येतो. ही बॅटरी बाहेरून भरावी लागत नाहीं. ती आकारानें लहान, पण रचनेनें मोठी नाजूक. कॅमरींत ती निकेल-मेटल हायड्राइड जातीची असते: १.२ व्होल्टचा एक घट, अशा सहा घटांचा एक संच, आणि असे ३४ संच, म्हणजे एकंदर २०४ घट. ते सारे एकापुढें एक जोडलेले असल्यामुळें दाबाची बेरीज सुमारें २४५ व्होल्ट होते. टोयोटाच्याच सुप्रसिद्ध प्रियस गाडींत असे २८ संच, म्हणजे १६८ घट असत.

एकापुढें एक जोडण्याचा परिणाम काय होतो, तें पंगतीच्या दृष्टांतानें चटकन् ध्यानांत येईल. आपल्या पंगतींत सर्वांचें आटोपल्याशिवाय कोणी उठत नाहीं. सर्वांत सावकाश जेवणारा जो असेल, त्याच्या गतीनें सारी पंगत चालते. २०४ पैकीं दोनशें घट धडधाकट असले आणि चार दुबळे झाले, तर त्या बॅटरीची योग्यता या चारांवरून ठरते. म्हणून ‘बॅटरी नव्वद टक्के चांगली आहे’ असें विक्रेता सांगूं लागला, तर उरलेल्या दहांचें काय, हें त्याला शांतपणें विचारावें.

आतां हे घट दुबळे होतात कशानें? गाडी पुष्कळ चालल्यानें होतात, असें उत्तर कोणीहि देईल. परंतु अनुभव तितका सरळ नाहीं. प्रियस प्रथम जपानांत डिसेंबर १९९७ मध्यें विक्रीस आली, त्यामुळें तिच्याविषयींचा अनुभव आतां पाव शतकाहून अधिक काळाचा आहे. ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या अमेरिकन नियतकालिकानें २०११ सालीं एक २००२ सालची प्रियस मुद्दाम मिळवून तपासली. ती दोन लाख मैलांहून अधिक चाललेली होती व तिची बॅटरी मूळचीच होती. नव्या गाडीवर पूर्वीं घेतलेल्या मोजमापांशीं ताडून पाहतां तिच्या इंधनखर्चांत नांव घेण्याजोगा फरक आढळला नाहीं. याचें कारण असें कीं, गाडींतील संगणक ही बॅटरी कधीं पुरती भरूं देत नाहीं व कधीं पुरती रिकामी होऊं देत नाहीं. मधल्या पट्ट्यांतच तिला खेळवितो. रोज बेताचें जेवणाऱ्या माणसाची प्रकृति जशी टिकते, तशी ती टिकते.

तिचे खरे शत्रु दोन, काळ आणि उष्णता. गाडी चालो वा न चालो, घटांतील रासायनिक द्रव्यें वर्षागणिक झिजतच असतात, आणि उष्णतेनें ती झीज वेग घेते. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो अशा नागपूर-अकोल्याकडे उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि नाशकास छपराखालीं ठेवलेली तिच्याच वयाची गाडी, या दोघींच्या बॅटऱ्या एका वयाच्या समजूं नयेत. म्हणून विकणाऱ्याला ‘किती चालली?’ हें विचारण्याआधीं ‘कोठें उभी असे?’ हें विचारावें. बिनाकामाची उभी राहिलेली गाडी हा तर निराळाच प्रकार आहे. निकेलचे घट न वापरतां ठेवले तर आपोआप उतरतात, व सगळे सारखे उतरत नाहींत. कांहीं मागें पडतात, कांहीं पुढें राहतात, आणि पंगत विस्कळीत होते. २०२० च्या टाळेबंदींत कित्येक गाड्या महिनेच्या महिने जागच्या हलल्या नाहींत. ‘दहा वर्षांत फक्त चाळीस हजार किलोमीटर, वडील माणसांची, देवदर्शनापुरती वापरलेली,’ हें वाक्य साध्या पेट्रोल गाडीसंबंधीं मोठ्या स्तुतीचें आहे, हायब्रिडसंबंधीं तें ऐकून आम्ही तरी जरा सावध होऊं.

कोंकणांतील व मुंबईतील खाऱ्या दमट हवेचा त्रास वेगळा. संच जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर तेथें हिरवा मळ चढतो आणि घट चांगले असूनहि बॅटरी बिघडल्याचा इशारा दिवा देऊं लागतो. हा दोष पुष्कळदां पट्ट्या साफ करून वा बदलून निघतो. परंतु पुरांत बुडालेली गाडी मात्र कितीहि स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली-कोल्हापुरास आणि जुलै २०२१ मध्यें चिपळुणास पुराचें पाणी शिरलें, तेव्हां असंख्य वाहनें पाण्याखालीं गेलीं. अशा गाड्या पुसूनपासून दूरच्या गांवीं विकावयास येतात. आसनांखालील लोखंडी पट्ट्या गंजलेल्या, गालिच्याच्या खालीं वाळलेला गाळ, आणि विम्याच्या नोंदींत त्या महिन्यांतली मोठी मागणी, एवढें पाहिलें तरी पुरे. अडीचशें व्होल्टच्या यंत्रणेंत शिरलेलें पाणी पुढें केव्हां काय करील याचा नेम नाहीं.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी, पण बॅटरीचा जीव घेणारी गोष्ट आहे. प्रियस व कॅमरी या गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठीं एक पंखा प्रवाशांच्या दालनांतलीच हवा ओढून घेतो. त्याची जाळी मागच्या आसनाजवळ असते. तींत धूळ, लोकरीचे तंतु, पाळीव कुत्र्याचे केस सांचतात. कित्येक घरीं तर तिच्यावर शाली आणि उशा रचून ठेवलेल्या असतात, कारण ती कशासाठीं आहे हें कोणाला ठाऊकच नसतें. ती जाळी उघडून पाहावयास पांच मिनिटें लागतात, आणि गाडीच्या पूर्वीच्या मालकानें तिची निगा कशी राखली हें त्या पांच मिनिटांत जितकें कळतें, तितकें तासभर गप्पा मारून कळत नाहीं.

आतां कागदपत्रांकडे वळूं. टोयोटानें १ ऑगस्ट २०२१ पासून भारतांतील आपल्या हायब्रिड बॅटरीची हमी तीन वर्षें किंवा एक लाख किलोमीटर होती ती वाढवून आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर केली. या दोहोंपैकीं जें आधीं पुरें होईल तेथें हमी संपते. हायरायडर, ग्रँड विटारा, हायक्रॉस व होंडा सिटी यांच्या बॅटरीलाहि हीच मुदत आहे. यामुळें जुन्या बाजाराचे सरळ दोन भाग पडले आहेत. २०२१ च्या आधींच्या कॅमरींत हमीचा आधार नाहीं. तेथें बॅटरीची परीक्षा आपली आपणच करावयाची. २०२२ नंतरच्या गाड्यांत हमीचा किती भाग उरला आहे तोच मुख्य प्रश्न, आणि तेथें मात्र किलोमीटरला महत्त्व येतें. प्रवासी कंपनीच्या सेवेंत तीन वर्षांत १,४०,००० किलोमीटर पळालेली हायक्रॉस कॅलेंडरप्रमाणें अजून पांच वर्षें हमींत दिसेल. वस्तुतः तिला फक्त वीस हजार किलोमीटरचा आधार उरलेला असतो. मीटरावरील आंकडा मागें फिरविण्याची विद्या आपल्याकडे चांगलीच प्रगत असल्यामुळें तो सेवाकेंद्राच्या नोंदींशीं ताडून पाहावा, आणि हमी नव्या मालकाकडे कोणत्या अटींवर येते तें अधिकृत केंद्राकडून लेखी घ्यावें.

ज्या घरांत हमी संपलेल्या गाड्यांतून निवड करावयाची आहे, त्यांच्यासाठीं एक उदाहरण घेऊं. आंकडे केवळ हिशेबासाठीं धरले आहेत. समजा, दोन कॅमरी समोर आहेत. पहिली दहा वर्षांची, चाळीस हजार किलोमीटर चाललेली, बॅटरी मूळची, मागणी नऊ लाखांची. दुसरी बारा वर्षांची, दीड लाख किलोमीटर चाललेली, पण गेल्याच वर्षीं अधिकृत केंद्रांत नवी बॅटरी बसविलेली, व त्याची पावती हजर; मागणी आठ लाखांची. घरांतील वडील मंडळी पहिलीकडे झुकतील. दोन वर्षांनीं लहान, चालली कमी, आणि फरक अवघ्या एका लाखाचा! आतां नव्या बॅटरीला मजुरी व कर धरून चार लाख पडतात असें समजा, आणि तिचें आयुष्य बारा वर्षें धरा. पहिलीच्या बॅटरीचीं दहा वर्षें सरलीं, म्हणजे चार लाखांपैकीं सुमारें तीन लाख तेहतीस हजार खर्ची पडले. ते नऊ लाखांत मिळविले कीं ती गाडी खऱ्या अर्थानें सव्वाबारा लाखांच्या वर गेली. दुसरीच्या बॅटरीचें एकच वर्ष सरलें. तिची खरी किंमत सव्वाआठ लाखांच्या आसपास. एका लाखाचा दिसणारा फरक उलट्या बाजूनें चार लाखांचा निघाला. दोन वर्षांचें कमी वय आणि कमी धांव यांसाठीं चार लाख द्यावे काय? आमच्या मतें देऊं नयेत.

परंतु वयाचीहि एक बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. बारा वर्षांच्या गाडीला त्या उंबरठ्याशीं पोंचण्यास तीनच वर्षें उरतात. रबराच्या नळ्या, चाकांचे झोले, ब्रेकची विद्युत्-यंत्रणा, हीं कांहीं नव्या बॅटरीनें तरुण होत नाहींत, आणि कॅमरीचे हे सुटे भाग हलक्या किंमतीचे नसतात. तीन-चार वर्षें वापरून सोडावयाची असेल तर दुसरी गाडी निःसंशय बरी. आठ-दहा वर्षें घरांत ठेवावयाची असेल, तर दोन्हींचा नाद सोडून थोडी रक्कम वाढवावी व हमी शिल्लक असलेली २०२२ नंतरची गाडी पाहावी, मग ती आकारानें लहान असली तरी. मुलांचीं शिक्षणें व आजीआजोबांचीं औषधें ज्या मिळकतींतून चालतात, तींतून ऐन वेळीं चार लाख काढावे लागणें हें कोणत्याहि ऐटदार आसनाच्या सुखानें भरून येत नाहीं.

प्रत्यक्ष पाहणी सकाळीं करावी, आणि आपण येण्यापूर्वीं इंजिन सुरू करून ठेवूं नये असें आधींच सांगून ठेवावें. थंड असतांना सुरू केल्यावर इंजिन कांहीं मिनिटें चालून थांबलें पाहिजे. गरम झाल्यावरहि, वातानुकूलन बंद असतांना, उभ्या गाडींत तें एकसारखें घरघरत राहिलें तर बॅटरीला वीज धरवत नाहीं असा संशय घ्यावा. मग अर्धा-पाऊण तास फिरवावी, आणि त्यांत एक चढ व एक उतार असावा; पुणेंकरांना कात्रजचा घाट हाताशीं आहेच. त्या वेळीं एकानें चालवावें व दुसऱ्यानें पडद्यावरील बॅटरीच्या रेघांवर डोळा ठेवावा. चांगल्या बॅटरीच्या रेघा चढावर हळूहळू उतरतात व उतारावर हळूहळू चढतात. दोन मिनिटांत तळ गाठणाऱ्या आणि पुन्हां दोन मिनिटांत शिगोशीग भरणाऱ्या रेघा दिसल्या तर आनंदूं नये. उथळ भांडेंच असें चटकन् भरतें व चटकन् रितें होतें. मागच्या आसनाजवळचा पंखा साध्या रस्त्यावरहि मोठ्यानें गर्जूं लागला, तर आंत उष्णता अधिक होत आहे हें उघड आहे.

हें झाल्यावर गाडी अधिकृत केंद्रांत नेऊन संगणकानें तपासून घ्यावी. जुन्या कॅमरीच्या ३४ संचांच्या सतरा जोड्यांचा दाब तेथें वेगवेगळा दिसतो. इंजिनावर व बॅटरीवर भार असतांना हे सतराहि आंकडे जवळजवळ बरोबरीनें वरखालीं झाले पाहिजेत. एखादी जोडी भार पडतांच इतरांच्या खालीं घसरत असेल व भरतांना सर्वांच्या वर उडी घेत असेल, तर पंगतींतला तो सावकाश गडी सांपडला. विक्रेता तपासणीस नाहीं म्हणाला तर बोलणें तेथेंच थांबवावें. येथें एक उलटा प्रकारहि सांगून ठेवतों: या गाड्यांत बारा व्होल्टची एक साधी बॅटरीहि असते, आणि ती मंदावली म्हणजे पडद्यावर नाहीं नाहीं ते इशारे झळकूं लागतात. त्या दिव्यांना भिऊन मालक गाडी स्वस्तांत काढतो, आणि दोष निघतो कांहीं हजारांच्या वस्तूंत. पण हा लाभ तपासणी करणाऱ्याच्याच वांट्यास येतो. नशिबावर हवाला ठेवणाऱ्याच्या नव्हे.

‘बॅटरी नुकतीच करून घेतली आहे’ या शब्दांचा अर्थ मात्र नीट उकलून घ्यावा. नवी बॅटरी बसविणें निराळें आणि जुनीच उघडून तिच्यांतील दोन मेलेले संच काढून दुसऱ्या जुन्या गाडीचे दोन घालणें निराळें. या दुसऱ्या प्रकारास बाजारांत ‘रीकंडिशन’ म्हणतात. जीर्ण धोतरास एका जागीं ठिगळ लावलें कीं तें शेजारीं फाटतें, तसें येथें होतें. उरलेले बत्तीस संच तितकेच वृद्ध असतात, व सहा महिन्यांत त्यांतला एखादा बसतो. गाडी विकेपर्यंत दिवा लागूं नये एवढ्याचसाठीं हें काम पुष्कळदां केलेलें असतें. पावतीवर अधिकृत केंद्राचें नांव, बॅटरीचा क्रमांक, बसविल्याची तारीख व त्या वेळचे किलोमीटर असतील तरच ती बॅटरी नवी मानावी. नाहीं तर ती मूळचीच आहे असें समजून वरीलप्रमाणें हिशेब करावा.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलेंबाळें अमेरिकेंत शिकावयास वा नोकरीस असतात आणि तेथें पहिली गाडी म्हणून जुनी प्रियस पाहतात. त्यांच्यासाठीं दोन शब्द. तेथें टोयोटाच्या बॅटरीची हमी २०१९ पर्यंतच्या गाड्यांना साधारणपणें आठ वर्षें किंवा एक लाख मैल अशी होती. २०२० पासूनच्या गाड्यांना ती दहा वर्षें किंवा दीड लाख मैल झाली. म्हणजे २०१९ ची व २०२० ची या दोन गाड्यांत एका वर्षाचें अंतर दिसलें तरी हमीचें अंतर तीन वर्षांचें पडतें. २०१० ते २०१५ या सालच्या प्रियस गाड्यांत तर बॅटरीइतकेंच इंजिनाच्या हेड गॅस्केटकडे लक्ष द्यावें असें तेथील कारागीर सांगतात. थंडींत सुरू करतांना इंजिन जोरानें थरथरत असेल आणि थंड पाण्याच्या टांकींतलें पाणी विनाकारण कमी होत असेल, तर ती गाडी बॅटरी कितीहि चांगली असली तरी सोडून द्यावी.

गाडी ठरली, पैसे दिले, किल्ली हातीं आली, कीं पहिल्याच आठवड्यांत पंख्याची जाळी काढून स्वच्छ करून घ्यावी व पुढें दर सर्व्हिसिंगला ती पाहण्याची सूचना कारागिराला द्यावी. नव्या बॅटरीच्या किंमतीचा लेखी अंदाज केंद्राकडून घेऊन ठेवावा, आणि बॅटरीच्या नांवानें दरमहा कांहीं रक्कम बँकेंत बाजूला टाकावी. वरील हिशेबांत चार लाख व बारा वर्षें धरलीं तर ती महिना सुमारें अठ्ठावीसशें रुपये येते. आठवड्यांतून निदान एकदां गाडी अर्धा तास फिरवावी, कोणाला कोठें जावयाचें नसलें तरी. आणि महाबळेश्वरास निघतांना मागें बसणाऱ्या मुलांना ती जाळी दाखवून ठेवावी, म्हणजे उशा व स्वेटर तिच्यावर न टाकतां तीं मांडीवर घेऊन बसतील.